ऑनलाइन दुकानाचं पान जड का होतं?

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी आलेली माणसं शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांच्या स्टॉलपुढे रेटारेटीत उभी राहून पुस्तकं चाळतात, विकत घेतात, पिशव्या भरून गावी नेतात. राज्य सरकारने १९७९ पासून काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड, छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिका, चरित्रं, कॅलेंडरं असं सगळं तिथे मिळतं. तरीही हवं ते पुस्तक कधीकधी संपलेलं असतं. मग स्टॉलवाला कार्ड पुढे करतो, त्यावर क्यूआर कोड असतो. ‘वेबसाइटवरून मागवा, घरपोच येईल.’ वाचक तिथेच फोन काढून कोड स्कॅन करतो. सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसतात, पण पान काही उघडत नाही. पांढऱ्या पडद्यावर चक्र फिरत राहतं, मागून धक्का बसतो आणि फोन पुन्हा खिशात जातो.

या माणसाचं पुस्तक ठरलेलं होतं, पैसे द्यायची तयारी होती, नाव-पत्ता सांगायची तयारी होती. त्याला कुणी नाही म्हटलं नाही, तरी तो परत गेला. दुकानदाराच्या हिशेबात हे गिऱ्हाईक कुठेच दिसत नाही, कारण पान पूर्ण उघडलंच नाही तर भेटींची मोजदाद ठेवणारा कोडही बहुतेक वेळा चालत नाही.

कांड्या भरलेल्या असताना इंटरनेट का चालत नाही, हे आधी पाहू. त्या कांड्या फोनपर्यंत येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवतात. टॉवरची क्षमता किती जणांत वाटली जाते आहे, हे त्या दाखवत नाहीत. एका टॉवरच्या पट्ट्यात जेवढी माणसं, तेवढ्यांत ती क्षमता विभागली जाते. सुमारे २८ एकरांचं मैदान, शेजारची चौपाटी, रानडे रोड, कॅडल रोड माणसांनी भरले की प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडं येतं. अशा गर्दीसाठी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणतात, त्याने फरक पडतो, पण पुरेसा नाही. दसरा मेळाव्याच्या संध्याकाळी, दिवाळीत दिव्यांची रोषणाई पाहायला लोटलेल्या गर्दीत आणि थोड्या प्रमाणात रोज सातच्या सुमाराला दादर स्टेशनच्या पुलावर हेच होतं.

टॉवर वाढवणं दुकानदाराच्या हातात नाही. त्या अरुंद वाटेने आपण गिऱ्हाइकाकडे किती ओझं पाठवायचं, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे. ‘आमच्याकडे तर पटकन उघडतं’ असं दुकानदार म्हणतो, तेव्हा तो ऑफिसच्या वायफायवर, नव्या फोनवर आणि आधी अनेकदा उघडलेलं पान पाहत असतो. ब्राउझरने अर्धंअधिक सामान फोनमध्ये साठवून ठेवलेलं असतं. पहिल्यांदा येणाऱ्याला त्यातलं काहीच मिळालेलं नसतं.

गूगलचं ‘पेजस्पीड इनसाइट्स’ हे मोफत साधन मोबाइलची चाचणी घेताना मुद्दाम हात आखडून घेतं: सेकंदाला १.६ मेगाबिट वेग, सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याच्या प्रत्येक फेरीला १५० मिलिसेकंदांचा उशीर आणि मंदावलेला प्रोसेसर. १.६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २०० किलोबाइट. (आठ बिटांचा एक बाइट. इंटरनेटचा वेग बिटांत आणि फाइलचं वजन बाइटांत सांगतात, त्यामुळे पुष्कळांचा हिशेब इथेच आठपट चुकतो.) हा आकडा हाताशी धरून पुस्तकाच्या दुकानाचं एक पान तपासू.

पुस्तकाचं मुखपृष्ठ दुकानातल्या मुलाने फोनने टिपलं. फोटो ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा, वजन सुमारे ४ एमबी. तो तसाच्या तसा वेबसाइटवर चढवला. यादीच्या पानावर तो अंगठ्याएवढाच दिसतो, पण फोनवर उतरतो पूर्ण ४ एमबीचा. २०० केबीच्या वेगाने एका मुखपृष्ठाला २० सेकंद लागतात. पानावर अशी २४ पुस्तकं असली तर ९६ एमबी, म्हणजे आठ मिनिटं. तेच मुखपृष्ठ ३०० पिक्सेल रुंदीचं करून नीट दाबलं की १५ केबीत बसतं. मग चोवीसच्या चोवीस मिळून ३६० केबी होतात आणि दोन सेकंदांच्या आत येतात. पुस्तकं तीच, फोन तोच, टॉवरही तोच.

खर्च उतरवण्यापाशी संपत नाही. चित्र पडद्यावर आणताना फोनला ते उलगडावं लागतं आणि दर पिक्सेलला चार बाइट लागतात. १ कोटी २० लाख पिक्सेलचा फोटो पूर्ण आकारात उलगडला तर ४८ एमबी मेमरी खातो, मग फाइल कितीही दाबलेली असो. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर पान सरकवताना जे झटके बसतात, त्यांचं एक कारण हे असतं. म्हणून आधी फोटोची रुंदी-उंची कमी करायची आणि मग फाइलच्या प्रकाराकडे वळायचं. प्रकाराचाही फायदा आहेच. जेपेग १९९२ चं. गूगलने २०१० मध्ये आणलेलं वेबपी त्याच दर्जाला साधारण पाव ते एक तृतीयांश हलकं पडतं आणि २०२० पासून आयफोनवरही चालतं. एव्हीआयएफ त्याहून हलकं. पण चार हजार पिक्सेलचा फोटो वेबपीत बदलून ‘काम झालं’ म्हणणारे वेब डिझायनर मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. काम तिथे झालेलं नसतं.

खालचे फोटो गिऱ्हाईक तिथवर सरकलं की मगच मागवायचे, याला लेझी लोडिंग म्हणतात. ते जरूर वापरावं, पण पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या फोटोला ते लावू नये. तोच फोटो सर्वांत आधी यायला हवा. अनेक तयार प्लगिन सरसकट सगळ्यांना ते लावून टाकतात आणि मुख्य चित्रच उशिरा येतं. शिवाय प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली असावी. ती नसली की फोटो येताच खालचा मजकूर दणकन खाली सरकतो आणि ‘विकत घ्या’वर टेकणारं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

आता खास मराठी दुखणं, ज्यावर इंग्रजी मार्गदर्शकांत फारसं काही सापडत नाही. आपल्या दुकानांच्या पानांवर मराठी अक्षरं फार वेळा चित्र म्हणून येतात. ‘दिवाळी सवलत’, ‘घरपोच सेवा’, पुस्तकाची ओळख, कधी किमतीसुद्धा. त्याला इतिहास आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांवर चालायची. ज्याच्या संगणकावर तो फाँट नाही त्याला रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे मजकुराचं चित्र करून टाकणं. ती अडचण संपून बरीच वर्षं झाली. स्वस्तातला अँड्रॉइड फोनही आज देवनागरी नीट दाखवतो. पण जाहिरात छापखान्यासाठी जुन्या फाँटात बनते आणि तीच फाइल चित्र होऊन वेबसाइटवर चढते, म्हणून सवय टिकून आहे.

याचं वजन मोजता येतं. ‘शिवाजी पार्क’ हे दोन शब्द युनिकोडमध्ये लिहिले तर काना, वेलांटी, हलन्त धरून ११ चिन्हं आणि एक मोकळी जागा होते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, जागेला एक, एकूण ३४ बाइट. तेच दोन शब्द रंगीत पट्टीवर चित्र करून टाकले तर शे-दोनशे केबी सहज होतात, म्हणजे काही हजार पट. पुस्तकाची तीन हजार चिन्हांची ओळख युनिकोडमध्ये ९ केबीच्या आत राहते आणि सर्व्हर ती दाबून पाठवतो तेव्हा साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. शिवाय चित्रातली अक्षरं ना नीट शोधता येतात, ना फोनवर मोठी करून सरळ वाचता येतात, ना दृष्टिहीन वाचकाचा फोन ती मोठ्याने वाचून दाखवतो. दुकानदाराने फक्त हा एक बदल केला तरी मी समाधानी होईन.

मजकूर युनिकोडमध्ये आला की फाँटाचा प्रश्न येतो. रोमन लिपीचा फाँट वेबसाठी वीस-तीस केबीत भागतो. देवनागरीत मुळाक्षरांबरोबर जोडाक्षरं, रफार, अर्धी रूपं अशा शेकडो आकृत्या लागतात. त्यामुळे एका जाडीची फाइल शंभर केबीच्या आसपास जाऊ शकते. बारीक, मध्यम, ठळक, अतिठळक अशा चार जाड्या घेतल्या तर मजकूर दिसण्याआधीच फोनला दोन सेकंदांचं काम लागतं. ठरावीक सूचना दिली नसेल तर बहुतेक ब्राउझर फाँट येईपर्यंत तीन सेकंद अक्षरंच लपवून ठेवतात. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला तोवर कोरं पान दिसतं.

उपाय सोपा आहे. अँड्रॉइडमध्ये नोटो देवनागरी आधीपासून असतो, आयफोनमध्येही देवनागरी असते. मूळ मजकुराला फोनमधलाच फाँट वापरला तर एक बाइटही उतरवावा लागत नाही. शीर्षकांना दुकानाचं वेगळेपण हवं असेल तर एकच जाडी घ्यावी. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने केलेले मुक्त, बालू असे सुंदर फाँट मोफत उपलब्ध आहेत. आणि फाँट येईपर्यंत साधी अक्षरं दाखवण्याची सूचना कोडमध्ये लिहावी. वजन घटवण्यासाठी फाँटातल्या आकृत्या छाटताना मात्र मराठी माणसाने शेजारी बसावं. मराठी न वाचणाऱ्या कारागिराच्या हातून नेमका ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ किंवा एखादं जोडाक्षर उडतं, आणि पुस्तकाच्या दुकानाच्या पानावर तुटकी अक्षरं दिसणं हे धीम्या पानापेक्षाही वाईट.

वजनानंतर अंतर. शिवाजी पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर, प्रभादेवीला काशिनाथ धुरू मार्गावर लोकमान्य विदेश संचार भवन आहे. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलचं ते एक ठाणं. पण केबल दाराशी आली म्हणून दुकान जवळ येत नाही. स्वस्त होस्टिंग घेताना सर्व्हर कुठे आहे हे फारसं कुणी विचारत नाही आणि पुष्कळदा तो अमेरिकेत निघतो. मुंबईपासून व्हर्जिनिया सरळ रेषेत साधारण १३ हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन कमीत कमी १३० मिलिसेकंद. केबलचा मार्ग सरळ नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास लागतात.

एका फेरीचे दोनशे मिलिसेकंद कुणाला जाणवणार नाहीत, पण पान एका फेरीत येत नाही. आधी जोडणी करायची, मग सुरक्षित कुलूप लावायचं, मग पान मागायचं, अशा तीन फेऱ्यांत सहाशे मिलिसेकंद गेले तरी एक अक्षर आलेलं नसतं. त्यानंतरही सर्व्हर सगळं एकदम सोडत नाही. वाट किती रुंद आहे याचा अंदाज येईपर्यंत तो पहिल्या खेपेला साधारण १४ केबीच देतो, मग दुप्पट, मग चौपट. म्हणून लांबच्या सर्व्हरवर जड पान ठेवलं की दोन्ही तोटे एकमेकांना वाढवतात. अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली सर्व्हर-केंद्रं सुरू केली, इतरांनीही केली. गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल तर दुकान मुंबईतल्या सर्व्हरवर असावं. आणि न्यू जर्सीतली लेक दादरहून आईसाठी पुस्तकं किंवा फराळ मागवत असेल तर? त्यासाठी सीडीएन असतं: फोटो, फाँट, कोड यांच्या प्रती जगभरातल्या सर्व्हरांवर ठेवायच्या आणि मागणाऱ्याला जवळची प्रत द्यायची. प्रकाशकाने पुण्याचं गोदाम उघडं ठेवण्याऐवजी मैदानात स्टॉल लावावा, तसंच हे.

पान आलं, फोटो दिसले, तरी बोट लावल्यावर काहीच होत नाही, हा अनुभव सगळ्यांनी घेतला असेल. ‘पिशवीत टाका’ दाबलं, हालचाल नाही, पुन्हा दाबलं, आणि मग पुस्तकाच्या दोन प्रती पिशवीत पडल्या. इथे दोष वाटेचा नसतो, फोनच्या प्रोसेसरचा असतो. तो जावास्क्रिप्ट चालवण्यात गुंतलेला असतो. कोपऱ्यातला गप्पांचा फुगा, जाहिरात कंपन्यांचे माग काढणारे कोड, ‘आत्ताच नाशिकहून एकाने हे विकत घेतलं’ अशी उसळणारी पट्टी, फिरते बॅनर. प्रत्येकाचा वेगळा कोड, वेगळा सर्व्हर, वेगळ्या फेऱ्या. माझं मत स्पष्ट आहे: ज्या कोडमुळे मागच्या तीन महिन्यांत काय फायदा झाला हे दुकानदाराला सांगता येत नाही, तो काढून टाकावा.

सर्वांत जास्त नुकसान पैसे देताना होतं आणि त्याकडे कुणी पाहत नाही. यूपीआयचं बटण दाबलं की गिऱ्हाईक ब्राउझर सोडून पैशांच्या अॅपमध्ये जातं, पिन टाकतं, परत येतं. कार्डाने दिले तर ओटीपी पाहायला मेसेज उघडतं. कमी रॅमचा फोन तेवढ्यात मागचं पान मेमरीतून काढून टाकतो. परत आल्यावर पान नव्याने उतरायला लागतं, तेही त्याच गर्दीत, आणि कधी पिशवी रिकामी झालेली असते. पैसे कापले गेले की नाही या धास्तीने माणूस तिथेच थांबतो. पिशवीतला माल सर्व्हरवर नोंदलेला असणं, पैसे मिळाल्याचा निरोप बँकेच्या बाजूने थेट दुकानाच्या सर्व्हरला येणं आणि त्यावर गिऱ्हाइकाला लगेच एसएमएस जाणं, एवढं हवंच. पैसे देण्याचं पान तर संपूर्ण दुकानात सर्वांत हलकं हवं, तिथे बॅनरचं काय काम?

एक वेगळा आजारही यात मिसळला जातो. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण सकाळी आठला उघडतं तेव्हा कोकणात जाणाऱ्या प्रत्येक लालबाग-परळकराने जे अनुभवलेलं असतं, ते पानाच्या वजनामुळे नसतं. एकाच क्षणी लाखो माणसं एकाच सर्व्हरच्या दाराशी येतात. छोट्या दुकानावर अशी वेळ आंब्याच्या पहिल्या पेट्यांचं बुकिंग उघडताना किंवा गाजलेल्या पुस्तकाच्या सवलतीच्या शेवटच्या दिवशी येते. तेव्हा प्रत्येकासाठी पान नव्याने रचण्याऐवजी तयार प्रत पुढे करणं, म्हणजे कॅशिंग, कामाला येतं. पुस्तकाची माहिती सगळ्यांना तीच दिसायची असते, फक्त पिशवी प्रत्येकाची वेगळी.

किती वेग म्हणजे चांगला? जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेली मर्यादा अजून लागू पडते: दशांश सेकंदात झालेलं लगेच झाल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. गूगलने २०२० मध्ये ठरवलेल्या मापांनुसार पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. २०२४ पासून, बोट लावल्यावर दोनशे मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, हेही माप त्यात आलं. शंभरपैकी किमान ७५ भेटींत हे साधलं तर पान उत्तम समजतात. याचा पैशाशी संबंध असतो का? बसची तिकिटं विकणाऱ्या आपल्याकडच्या रेडबसने हा प्रतिसादाचा वेळ सुधारला तेव्हा विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. डेलॉइटच्या २०२० च्या अहवालात किरकोळ विक्रीच्या साइटवर दशांश सेकंद वाचला तेव्हा खरेदीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ८.४ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. परदेशातल्या मोठ्या दुकानांचा आकडा रानडे रोडवरच्या दुकानाला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण जुने फोन आणि तुंबलेले टॉवर आपल्याकडे जास्त आहेत, म्हणून आपल्याला गरज अधिक आहे, कमी नाही.

तेव्हा ज्यांचं ऑनलाइन दुकान आहे, त्यांना एक विनंती. घरातला सर्वांत जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, ब्राउझरमधलं साठवलेलं सगळं पुसून टाका आणि संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनच्या पुलावर उभे राहून स्वतःच्या दुकानातून एक वस्तू मागवा, अगदी पैसे भरेपर्यंत. जिथे थांबावं लागलं ते कागदावर लिहा. मग वेबसाइट करून देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: फोटो किती केबीचे आहेत, मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का, सर्व्हर कोणत्या शहरात आहे. उत्तरं लेखी घ्या, आणि पुढचं काम देताना याच तीन अटी करारात घाला.